मुंबईचे दहा पौंड आणि इंग्लंडची जमीन

मुंबई बेट कंपनी सरकारला दरसाल दहा पौंडांवर मिळाले, हे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. पण १६६८ च्या त्या सनदेत आणखी एक मौज आहे. केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या राजाच्या इस्टेटीचा भाग समजून कंपनीने हे बेट 'सॉकेज' हक्काने धारण करावे, असे तीत लिहिले आहे. कुठे ग्रीनिच, अन् कुठे मुंबई! ही भानगड समजायला त्याहून सहाशे वर्षे मागे जावे लागते.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. तेव्हापासून कायद्याचे सूत्र एकच: साऱ्या जमिनीचा धनी राजा, बाकीचे नुसते धारक. राजाकडून बड्या सरदाराने घ्यायची, त्याच्याकडून लहानाने, अशी ती उतरंड. मोबदला म्हणून कोणी लढाईला स्वार पुरवी. ही शिलेदारी धारणा. कोणी ठरलेला खंड किंवा ठरलेले काम देई, ते सॉकेज.

तुम्ही म्हणाल, शिलेदाराचा मान मोठा. खरे आहे, पण मेख पुढेच आहे. शिलेदार मेला अन् मुलगा एकवीस वर्षांच्या आतला असला, की जमीन धन्याच्या ताब्यात. उत्पन्न त्याने खायचे, हिशेब द्यायचा नाही. पोराचे लग्नही तोच जमवणार, आणि तो हक्क चक्क विकणारसुद्धा! पोटच्या पोराचे पालकपण आईला कित्येकदा पैसे मोजून घ्यावे लागे. सॉकेजमध्ये मात्र पोराला असा जवळचा नातलग सांभाळी, की ज्याला ती जमीन वारशाने मिळू शकत नाही. बहुधा आईच. शिवाय हिशेब द्यावा लागे. मला तर हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

१२९० साली पहिल्या एडवर्डने 'क्विया एम्प्टोरेस' हा कायदा केला. जमीन खुशाल विका, पण घेणाऱ्याने विकणाऱ्याच्याच जागी उभे राहावे. उतरंडीत नवी पायरी नको. पुढे लढाया पगारी शिपाई लढू लागले, तरी पोरक्यांवरचे उत्पन्न राजाला सोडवेना. १५४० साली आठव्या हेन्रीने त्यासाठी खास कचेरीच उघडली. ती पार्लमेंटने १६४६ मध्ये मोडली, आणि १६६० च्या कायद्याने शिलेदारी धारणा सॉकेज झाली. म्हणून मुंबईच्या सनदेत तो शब्द!

पण मंडळी, राजाचे बुडालेले उत्पन्न भरून कोणी द्यायचे? दरसाल एक लाख पौंड ठरले होते. ते जमिनीवर बसवावे की बिअर-सायडरसारख्या पेयांवर, यावर पार्लमेंटात मते पडली, आणि अवघ्या दोन मतांनी बोजा पेयांवर गेला. सुटले जमीनवाले, भरू लागला मजूर.

अन् ज्याचे नाव इस्टेटीच्या दप्तरातच तेवढे असे, त्या 'कॉपीहोल्ड'वाल्या शेतकऱ्याला तर या कायद्याने मुद्दाम वगळले. घरचा कर्ता मेला की पुष्कळ ठिकाणी गोठ्यातले उत्तम जनावर धन्याला द्यायचे, हा रिवाज चालूच राहिला. कॉपीहोल्ड संपले ते १ जानेवारी १९२६ ला.