बाल्कनीतून सोडलेली वायर

आमच्या इमारतीत विजेवरची पहिली गाडी आली तेव्हा पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नव्हती. गाडीवाल्या काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला आणि रोज रात्री गाडी लावायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पिन बोर्डातून निघेना. जोर लावून ओढली तेव्हा दिसलं, की एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं, पितळी पिन काळवंडली होती आणि बोर्डाला मासळीसारखा वास येत होता. स्विच-सॉकेटचं प्लास्टिक तापून करपायला लागलं की असाच वास येतो. काकांना नवल एकाच गोष्टीचं वाटत होतं, की घरातला एमसीबी एकदाही कसा पडला नाही?

त्या प्रश्नातच या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एमसीबी आहे, म्हणजे जास्त लोड आला की तो पडेल आणि आपण वाचू, असं आपण धरून चालतो. पण एमसीबी फक्त किती अँपिअर जातात ते पाहतो. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर साधारण 3 ते 3.3 किलोवॉट घेतो, म्हणजे 230 व्होल्टला 13-14 अँपिअर. सोळाच्या एमसीबीच्या दृष्टीने हे अगदी व्यवस्थित चाललेलं काम आहे. 18 अँपिअर झाले तरी तो तासभर पडत नाही, त्याची रचनाच तशी असते. तो बसवलेला असतो भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी. पुढे तुम्ही बाजारातून आणलेली बारीक वायर जोडली आहे, की बोर्डातली पट्टी सैल पडली आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही.

आणि धोका नेमका त्या सैल पट्टीत असतो. पिन जिथे सॉकेटच्या पितळी पट्टीला टेकते, तिथे संपर्क ढिला झाला आणि एक दशांश ओहम इतकाच रोध आला, तर 14 अँपिअरला त्या एका ठिपक्यावर जवळजवळ 20 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. तिचं टोक रात्रभर प्लास्टिकमध्ये खुपसून ठेवण्यासारखं हे आहे. तापलं की पट्टीचा ताण जातो, ताण गेला की संपर्क आणखी ढिला होतो, आणि मग आणखी तापतं. एक्स्टेन्शन लावलं म्हणजे असे जोड दुप्पट झाले: भिंतीतल्या सॉकेटचा एक होता, त्यात बोर्डावरच्या सॉकेटचा दुसरा आला. मोठी पिन लहान भोकांत बसवणारा कन्व्हर्टर लावला, तर तिसरा.

‘पण याच पॉइंटवर आमचा गीझर इतकी वर्षं चालतो,’ असं हमखास ऐकायला मिळतं. गीझर चालतो किती वेळ? 2000 वॅटचा गीझर नऊएक अँपिअर घेतो, पंधरा-वीस मिनिटांत थर्मोस्टॅट त्याला बंद करतो आणि सॉकेट पुन्हा थंड होतं. एसीचा कॉम्प्रेसरही मधूनमधून विश्रांती घेतो. गाडीचं तसं नाही. 24 किलोवॉट-अवर बॅटरीची टियागो ईव्ही या साध्या चार्जरवर जवळजवळ रिकाम्या अवस्थेतून पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ पूर्ण अँपिअर सलग चालू असतात. घरातलं दुसरं कोणतंही उपकरण सॉकेटला इतका वेळ इतकं राबवत नाही. त्यात उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा अँपिअरऐवजी चौदा गेले तर उष्णता सव्वादोनपट होत नाही, पाचपटीहून जास्त होते. टीव्ही, मिक्सर, लॅपटॉपसाठी घेतलेला सहा अँपिअरचा बोर्ड इथे का टिकत नाही, ते या एका आकड्यात आहे.

वायरीच्या जाडीबद्दलही असाच गोंधळ आहे. वरचं रबर जाड दिसलं की वायर भक्कम, असं समजू नका. महत्त्वाचं आहे ते आतलं तांबं. स्वस्त एक्स्टेन्शनमध्ये पाऊण किंवा एक चौरस मिलिमीटरची वायर सर्रास असते. एक एमएमची 25 मीटर वायर घेतली, तर जाऊन-येऊन 50 मीटर तांबं झालं, म्हणजे जवळजवळ एक ओहम. 14 अँपिअरला त्या वायरीतच 190 वॅटच्या आसपास वाया जातात आणि गाडीपर्यंत पोचेपर्यंत तेरा-चौदा व्होल्ट कमी होतात. वायर पूर्ण पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. पण आपण काय करतो? उरलेली वायर गुंडाळून नीटनेटकी टांगून ठेवतो. अशा वेटोळ्यात पन्नास-साठ वॅट कोंडले तरी आतले थर थंड व्हायला वाव मिळत नाही, आणि बाहेरून हात लावला तर फार काही जाणवतही नाही. ड्रमवर गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर, गुंडाळलेली असताना एक आणि पूर्ण उलगडल्यावर दुसरी, अशा दोन क्षमता छापलेल्या असतात, त्या याचसाठी. त्या वाचाव्यात.

चार्जरच्या डब्यावर दिवे असतात, त्यामुळे ‘हा स्मार्ट आहे, काही झालं तर स्वतःच बंद होईल’ असाही एक समज आहे. तो डबा खरोखर हुशार आहे. अर्थिंग आहे का, विद्युतगळती होते आहे का, हे तो तपासतो. काही चार्जरच्या पिनमध्ये तापमान मोजणारा सेन्सरही असतो. पण तो सेन्सर चार्जरच्या स्वतःच्या पिनमध्ये आहे. एक्स्टेन्शनचं दुसरं टोक वर घरात, सोफ्यामागच्या सॉकेटमध्ये तापत असेल, तर त्या डब्याला ते समजत नाही.

आता अर्थिंगबद्दल, आणि इथे मी हात जोडून सांगतो. जुन्या वाड्यांत, चाळींत, गावाकडच्या कित्येक घरांत तिसऱ्या भोकाला अर्थिंग नसतंच. गाडीचा चार्जर ते ओळखतो, लाल दिवा लावतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. मग एखादा वायरमन ‘करून देतो’ म्हणतो आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत वायरीचा एक तुकडा जोडतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज व्हायला लागते. पण आता गाडीचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडला गेलेला असतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला, एखादा जुना जोड सुटला, की त्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारा माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. लाल दिवा म्हणजे चार्जर बिघडलाय असं नाही, घर अपुरं आहे असा त्याचा अर्थ. अर्थिंग करून घ्या, आणि ते होईपर्यंत गाडी बाहेरच्या स्टेशनवर चार्ज करा.

पावसाची भीती मात्र बहुतेकांना चुकीच्या जागी वाटते. गाडीच्या तोंडाशी बसणारा कनेक्टर पाऊस धरूनच बनवलेला असतो. पाणी शिरतं ते एक्स्टेन्शन आणि चार्जरच्या जोडात, जो आपण जमिनीवर ठेवतो. प्लास्टिकची पिशवी बांधल्याने उष्णता आणि ओल दोन्ही आत कोंडतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने चार्जिंग स्टेशनसाठी 2019 साली जे नियम आणले, त्यांत सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर वर हवं, गाडी चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभी राहावी आणि चार्जिंगच्या केबलला पुढे एक्स्टेन्शन जोडू नये, असं म्हटलं आहे. आपल्या घरालाही हीच पट्टी लावायला काय हरकत आहे?

मग एक्स्टेन्शन कधीच नको? गाड्यांच्या पुस्तिका बहुधा ‘नको’च म्हणतात, आणि रोजच्या वापरासाठी माझंही मत तेच. परगावी नातेवाइकांकडे अडलात, तर अडीच एमएमची तीन तारांची तांब्याची वायर, एका टोकाला सोळा अँपिअरची पिन, दुसऱ्या टोकाला सोळा अँपिअरचं एकच सॉकेट, मध्ये टेप गुंडाळलेला जोड नाही, पूर्ण उलगडलेली आणि शक्य तितकी आखूड, एवढं पाहा. गाडीत किंवा चार्जरवर अँपिअर कमी करायची सोय असेल, तर दहावर आणा. चौदाचे दहा केले की उष्णता निम्म्यावर येते. रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या लहान गाडीला पाच-सहा युनिट पुरतात, आणि ते दहा अँपिअरवर अडीच-तीन तासांत मिळतात. रात्र त्याहून मोठी असते.

कायमचा उपाय म्हणजे मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन: चार एमएमची वायर, अंतर फार असेल तर सहा, स्वतःचा एमसीबी, विद्युतगळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, चांगलं औद्योगिक सॉकेट आणि तपासलेलं अर्थिंग. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. ‘सोसायटी परवानगी देत नाही’ म्हणून वायरी खाली सोडणारे खूप आहेत. त्यांनी हे माहीत करून घ्यावं, की फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा मार्ग खुला केला. आणि कमिट्यांनीही समजून घ्यावं, की पॉइंट नाकारला म्हणून गाड्या यायच्या थांबत नाहीत. बाल्कनीतून लोंबणाऱ्या वायरी तेवढ्या वाढतात.

आज रात्री गाडी लावलीत, तर अर्ध्या तासाने खाली जाऊन हाताची मागची बाजू पिनेच्या प्लास्टिकला लावून पाहा, आणि घरातल्या सॉकेटलाही. कोमट असेल तर ठीक. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर आधी गाडीतून चार्जिंग थांबवा, मग स्विच बंद करा, आणि ते सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा गाडी लावू नका.