काकडीच्या पानांवरची राख

गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या गच्चीवर कुंड्यांत काकडीचे दोन वेल आहेत. एका सकाळी पाहते, तर खालच्या पानांवर कुणी पिठाची चिमूट उडवावी तसे पांढरे ठिपके. शेजारी इमारतीचे बांधकाम चालू होते. सिमेंटची धूळ असणार, असे म्हणत मी ओल्या फडक्याने एकेक पान पुसले. आठवड्याभरात वरची पानेही पांढरी!

"अगं, ही भुरी," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या मळ्यात भोपळ्यावर यायची."

म्हणजे मी फडक्याने बुरशीचे बीजाणू पानोपानी पोचवत होते.

घाबरून दुकान गाठले. दुकानदाराने एक बाटली पुढे केली. घरी येऊन लेबल वाचले, तर पिवळा त्रिकोण. कीडनाशकांवर असा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. त्यातून हे औषध किडींचे; बुरशीला त्याचे काय? आणि आमची सहा वर्षांची लेक शाळेतून आली, की तडक गच्चीवर जाऊन काकडी तोडते आणि न धुताच दात लावते! बाटली तशीच परत देऊन आले.

मग जरा वाचन केले. पुष्कळ बुरश्यांना रुजायला पानावर पाणी लागते. भुरीला ते लागत नाही. कोरडे दिवस, गार रात्री, दाटी आणि सावली तिला मानवते. युरियाने माजलेली लुसलुशीत पाने तर तिची आवडती. केवडा वेगळा, त्यात पानावर पिवळे डाग पडतात आणि बुरशी खालच्या बाजूस दिसते.

सर्वांत नवल वाटले ते दुधाचे. ब्राझीलमधील वॅग्नर बेट्टिओल यांनी 1999 साली भोपळ्याच्या जातीच्या झुकिनीवर दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा फवारणी; भुरी चांगलीच आटोक्यात आली.

मी कात्रीने फार बिघडलेली पाने काढून पिशवीत बांधून टाकली, कुंड्या उन्हात आणि लांब लांब ठेवल्या, आणि सकाळच्या उन्हात पानांच्या दोन्ही बाजूंना दूधपाणी फवारले. पांढरी पाने काही पुन्हा हिरवी झाली नाहीत. एक वेल तर गेलाच. उशीर झाला होता. दुसऱ्याची नवी पाने मात्र स्वच्छ आली.

पाण्यात मिसळणारे गंधकही भुरीवर चालते. पण कडक उन्हात ते पाने जाळते आणि काकडीवर्गीय वेल त्याला नाजूक. लेबलवर पिकाचे नाव, प्रमाण आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचे नाही ते पाहावे, आणि आधी एखाद्या पानावर करून बघावे. मला तशी वेळ आली नाही.

सासूबाईंना वेलीला दूध घालणे काही पटेना. "पातेल्याचं विसळण घाल की!" पण विसळणात दूध किती, पाणी किती, कसे कळणार? आता दर रविवारी त्या स्वतःच वाटीभर दूध मोजून देतात. साय मात्र आधी काढून घेतात.