गंध, रंग आणि पिकांवरील कीड



मराठीच्या प्राध्यापकाने किडींविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाला आमच्या कवींनी शतकानुशतके प्रेमवीर ठरविले. त्याचा खरा स्वभाव जाणून घेणे हेही आमचे कर्तव्यच आहे. जोयडा तालुक्यात तर या ज्ञानाचे मोल अधिक. येथे भातखाचर आणि पोफळीची बाग संपते तेथेच अरण्य सुरू होते. पिकावर फवारलेले विष पावसाबरोबर ओढ्याला आणि पुढे काळी नदीला मिळते. किडीसमवेत मधमाशीचाही बळी घेते.

कीटक आपले पीक शोधतो तो बहुधा दुरून गंधाने, जवळ येताच रंगाने व आकाराने आणि पानावर उतरल्यावर चवीने. गंधाचे ज्ञान त्याला मुख्यतः मिशांवरील सूक्ष्म केसांनी होते. नर-मादीची भेटही पुष्कळदा गंधावरच अवलंबून असते. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी सुमारे ५,००,००० रेशीम-पतंगांच्या माद्यांपासून असे गंधद्रव्य वेगळे करून दाखविले. आजचे 'कामगंध सापळे' याच तत्त्वावर उभे आहेत.

कंदमुळांसाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्याला रताळ्यातील सोंड्या किडीचे उदाहरण जवळचे वाटेल. तिची अळी कंद पोखरते व तो कडू होऊन खाण्याजोगा राहत नाही. जमिनीखाली फवारणी पोहोचत नाही. मात्र मादीच्या गंधाची कुपी लावलेल्या सापळ्यात नर रात्री आपणहून येतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने हा उपाय शेतकऱ्यांपर्यंत नेला आहे.

फळमाशीची कथा अधिक रंजक आहे. बिहारमधील पुसा येथे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांना १९१२ च्या सुमारास आढळले, की सिट्रोनेला तेलाकडे काही फळमाश्यांचे नर धाव घेतात. त्यामागे 'मिथाइल युजेनॉल' हे द्रव्य होते. आपल्या तुळशीतही ते असते! आंब्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक सापळा' हेच आमिष वापरतो. काकडी, दोडका, कारली यांवरील माशीला मात्र 'क्यू-ल्यूर' हे निराळे आमिष लागते. चुकीची कुपी टांगली, तर सापळा रिकामाच राहावयाचा.

आता रंग. मावा आणि पांढरी माशी यांना पिवळा रंग कोवळ्या पालवीहूनही अधिक ओढतो. फुलकिड्यांना निळाही आवडतो. म्हणून त्या त्या रंगाचे चिकट सापळे लावतात.

आणि आपला पतंग? जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. निसर्गात उजेड म्हणजे आकाश, म्हणून त्याचा तोल राहतो. दिव्याजवळ तीच सवय त्याला गरगर फिरविते. तो प्रेमाने जळत नाही, दिशाभुलीने अडकतो. भातावरील खोडकिड्याचा पतंग प्रकाशसापळ्यात सापडतो तो याचमुळे. तथापि त्या उजेडात उपकारक कीटकही मरतात. म्हणून असा दिवा रात्रभर न ठेवता संध्याकाळचे काही तासच लावावा.

सापळा हा रामबाण उपाय नव्हे. गंधाने येतात ते बहुधा नरच. मीलन झालेली मादी अंडी घालतेच. म्हणून निरोगी बेणे, वेलींना मातीची भर, पडलेली फळे गोळा करून पुरणे आणि पिकांची फेरपालट ही जोड हवीच. परंतु सापळा एक मोठे काम करतो: कीड किती आली, हे तो सांगतो. ती संख्या न पाहता केलेली फवारणी म्हणजे रोगी न तपासता दिलेले औषध होय.

म्हणून माझी विनंती एवढीच, की या शाळेच्या मुलांनी आठवड्यातून एकदा आपल्या शेतातील सापळ्यातले कीटक मोजावेत, वहीत टिपावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांनी पंप खांद्यावर घेण्यापूर्वी ती वही एकदा पाहावी.