पाच सेंटांची पुडी आणि अंतराळाची चित्रे

अमेरिकेत आज साठी-सत्तरी ओलांडलेले कित्येक गृहस्थ लहानपणची पुठ्ठ्याची चित्रे शोधीत जुन्या बाजारातून हिंडत असतात. चित्रे कशाची? तर दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांची: परग्रहावरचे राक्षस, यंत्रमानव, अंतराळातील जहाजे. या छंदाला हसण्यापूर्वी त्यामागचा व्यवहार समजून घेणे बरे. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणी केली, कोणी विकली आणि लाभ कोणाच्या पदरी पडला, हे विचारल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही.

आरंभ तंबाखूपासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे चुरगळू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येते, हे कारखानदारांच्या लवकरच ध्यानी आले. पुढे १९२८ साली फिलाडेल्फियातील फ्लीअर कंपनीच्या वॉल्टर डीमर नावाच्या हिशेबनिसाने फुगा येणारा बबलगम बनवला, आणि चित्रांना मुलांचा मोठा बाजार मिळाला. १९३८ साली ब्रुकलिनमध्ये निघालेली टॉप्स कंपनी या धंद्यात पुढे अग्रेसर ठरली.

घरोघर दूरचित्रवाणी आली तशी तिच्यावरील कथा पुडीत उतरल्या. ‘आउटर लिमिट्स’ या मालिकेतील राक्षसांची ५० कार्डे टॉप्सने १९६४ साली काढली, ‘लॉस्ट इन स्पेस’ची ५५ कार्डे १९६६ साली. इंग्लंडात ‘डॉक्टर हू’ १९६३ साली सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी तेथील मुलांना साखरेच्या सिगारेटींबरोबर तिची ५० चित्रे मिळू लागली. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनने दाखविलेली ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालली. टॉप्सने तिची ८८ कार्डे काढली ती १९७६ साली, म्हणजे मालिका बंद पडून सात वर्षे झाल्यावर!

या चित्रांचे एवढे वेड का? कारण साधे आहे. घरी कार्यक्रम टिपून ठेवणारी यंत्रे १९७५ नंतर सर्रास मिळू लागली. त्यापूर्वी पडद्यावर जे दिसले ते गेले; पुनःप्रक्षेपण झाले तर नशीब. मुलांचे सोडा, खुद्द बी.बी.सी.नेही आपल्या फिती पुसून टाकल्या. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग त्यामुळे आज उपलब्ध नाहीत. अशा काळात गुरुवारी पाहिलेला राक्षस शुक्रवारी शाळेत नेऊन दाखविण्याचे साधन म्हणजे खिशातले ते कार्ड.

आता हिशेबाकडे वळू. पाच सेंटांच्या पुडीत पाच कार्डे आणि गमची एक पट्टी. आत काय आहे हे बाहेरून कळत नसे. ५५ कार्डांचा संच एका मुलाला एकट्याने पुरा करावयाचा, आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखीच, असे धरू. गणित सांगते की पहिली ५० निरनिराळी कार्डे जमविण्यास सरासरी १२७ कार्डे घ्यावी लागतील. उरलेल्या पाचांसाठी मात्र आणखी सुमारे १२५! म्हणजे निम्मे पैसे केवळ शेवटच्या पाच चित्रांपायी जातात. विक्रेत्याचा सगळा नफा या ‘एकच राहिले’च्या हुरहुरीत दडलेला होता.

मुलांनी यावर उपाय शोधला. तुझे दुबार ते मला, माझे दुबार ते तुला! शाळेच्या पायरीवर दहा मुले बसली की प्रत्येकाचे निरुपयोगी कार्ड दुसऱ्याच्या उपयोगी पडे आणि संच कितीतरी कमी पैशांत पुरा होई. काड्यापेटीचे छाप जमविणाऱ्या आपल्या पोरांना हे शिकवावे लागले नाही, तसे त्यांनाही लागले नाही. म्हाताऱ्यांच्या मनात पुठ्ठ्याइतकीच ती पायरीही राहिली आहे, असे आम्हांला वाटते.

लाभाचे काय? ज्यांचे चेहरे छापले जात त्यांना काय मिळे? बेसबॉल खेळाडूंचा दाखला बोलका आहे. टॉप्स प्रत्येक खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर देई. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ असलेला मार्विन मिलर १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. त्याच्या सांगण्यावरून खेळाडूंनी नवी छायाचित्रे काढू देण्यास नकार दिला. १९६८ साली कंपनी नमली: रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीवर ८ ते १० टक्के वाटा मिळू लागला. ना मोर्चा, ना दगड. फक्त सर्वांनी मिळून कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.

आज या कार्डांचे मोल कोपरे किती कोरे आहेत यावर ठरते. तज्ज्ञ १ ते १० गुण देतात आणि कार्ड प्लास्टिकमध्ये बंद करतात. १९५२ सालचे एक बेसबॉल कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. म्हणजे ज्या मुलाने कार्ड खिशात वागविले, बदलले, त्यावर जीव लावला, त्याच्या कार्डाला किंमत कमी. ज्याला कोणी हात लावला नाही त्याला जास्त. बाजाराचा हा न्याय आहे. तो आठवणींनाही लावण्याचे कारण नाही.

आणि जपण्याची सवय क्षुद्र समजू नका. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या कामगारांना घरासाठी पात्रता सिद्ध करावयाची वेळ आली, तेव्हा तिकीट, हजेरीचे कार्ड, पगाराची पावती असले कागदच मागितले गेले. ज्यांच्या घरच्यांनी ते ट्रंकेत ठेवले होते, त्यांना ते दाखविता आले. तेव्हा घरात कोणी जुना कागद जपून ठेवीत असेल, तर टाकण्यापूर्वी त्याला एकदा विचारा की यात काय आहे.