प्रेअरीवरील वसंत : वारा, वणवा आणि हिम

वणवा आणि बर्फ एकाच माळावर, एकाच आठवड्यात, किंबहुना एकाच दिवशी नांदू शकतील, ही कल्पना आपल्याकडील वाचकास सहसा करता येत नाही. वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फाल्गुन-चैत्रातले तापलेले डोंगर येतात. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ प्रदेशात मात्र वणव्याचा सर्वांत धोक्याचा काळ थंडी सरता सरता येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तेथील शेतकरी आकाशाकडे पाहतो, तेव्हा धूर दिसेल की हिम, हे त्याला सांगता येत नाही.

'प्रेअरी' हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ कुरण. रॉकी पर्वताच्या पूर्वेस कॅनडातील आल्बर्टा-सस्कॅचेवानपासून दक्षिणेस टेक्ससपर्यंत ही कुरणे पसरली आहेत. पूर्वेकडे पाऊस अधिक, म्हणून गवत पुरुषभर उंच वाढते. पश्चिमेकडे ते घोट्याइतके खुजे होते. झाडे थोडी, डोंगर नाहीत. वाऱ्याला अडविणारे असे काहीच नाही.

हिवाळ्याच्या आरंभी कडक दहिवर पडले की हे गवत मरते. पण आडवे होत नाही. पिवळ्या पडलेल्या काड्या नवी हिरवळ फुटेपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, तशाच उभ्या राहतात. जाड ओंडका सुकावयास आठवडे लागतात. गवताची काडी इतकी बारीक असते की, भोवतालची हवा कोरडी झाली म्हणजे तासाभरात तीही कोरडी होते. यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. आदला उन्हाळा चांगल्या पावसाचा गेला असेल, तर पुढचा वसंत अधिक धोक्याचा ठरतो. कारण सुकाळाचे गवत हेच पुढे जळण होते.

आता वाऱ्याकडे वळू. मार्च महिन्यात दक्षिणेकडील हवा तापू लागलेली असते, तर उत्तरेकडे अद्याप कडाक्याची थंडी असते. या तफावतीमुळे उंचावरील वारे प्रबळ होतात आणि रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी कमी दाबाची केंद्रे निर्माण होतात. पर्वत ओलांडून खाली उतरणारी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सियसने तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता झपाट्याने घटते. असा कोरडा नैर्ऋत्य वारा माळावर सुटला की, विजेच्या तारेची एक ठिणगी किंवा ट्रकमागे फरफटणारी साखळीदेखील पुरेशी होते. अशा दिवशी हवामान कार्यालये 'लाल निशाणाचा इशारा' देतात.

वाऱ्याचा जोर भयंकर खराच. परंतु त्याहून घातक असते ते त्याचे वळणे. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने पेटलेला वणवा ईशान्येकडे धावतो आणि भाल्यासारखा लांबट, अरुंद होतो. त्याचे टोक वेगाने पुढे जाते. दोन्ही कुशी मात्र संथपणे जळत असतात. आग विझविणारे शहाणे लोक टोकापुढे उभे राहत नाहीत. ते जळून गेलेल्या जमिनीवरून मागून येऊन कुशी विझवीत पुढे सरकतात. एवढ्यात कमी दाबाच्या केंद्रामागून थंड हवेची आघाडी येऊन पोहोचते आणि वारा थोड्याच वेळात वायव्येचा किंवा उत्तरेचा होतो. मग जी वीस-तीस मैल लांबीची कूस होती, तीच वणव्याचे तोंड बनते. सकाळपर्यंत सुरक्षित मानलेली दक्षिणेकडील गावे संध्याकाळी आगीच्या वाटेत सापडतात.

हीच थंड आघाडी हिम घेऊन येते. तिच्यामागे उंचावरील हवा अतिशय थंड असते, तर मार्चचे ऊन जमिनीलगतची हवा तापवीत असते. तापलेली हवा वर उसळते, ढिगाऱ्यांसारखे ढग जमतात आणि हिमसरी कोसळतात. दहा-पंधरा मिनिटे समोरचे दिसेनासे होते. लगेच पुन्हा लख्ख ऊन पडते. आपल्याकडील श्रावणसरींचे हे हिमरूपच म्हणावे! परंतु या सरींनी वणव्याचे भय टळते, अशी समजूत करून घेणे चूक ठरेल. सामान्यतः दहा इंच हिम वितळले तर इंचभर पाणी मिळते. चुरचुरीत कोरडे हिम त्याहूनही कमी पाणी देते आणि त्यातील काही भाग वाऱ्याने परस्पर वाफ होऊन उडून जातो. सकाळी पांढरा दिसलेला माळ दुपारी पुन्हा पेट घेण्याजोगा होतो. म्हणूनच हिमसरी आणि आगीचा इशारा हे दोन्ही तेथील एकाच अंदाजपत्रकात वाचावयास मिळतात.

हिम भरपूर पडले तर गोष्ट वेगळी. 22 मार्च 2016 रोजी ओक्लाहोमा राज्यात पेटलेला अँडरसन क्रीक वणवा कॅन्ससमध्ये शिरला आणि त्याने साडेतीन लाखांहून अधिक एकर भूमी जाळली. शेकडो माणसे झुंजत असता 27 मार्चला, ईस्टरच्या रविवारी, हिम पडले आणि त्यांना मोठाच हातभार लागला. 26 फेब्रुवारी 2024 रोजी टेक्ससच्या उत्तर टोकास पेटलेल्या स्मोकहाउस क्रीक वणव्याची कथा याहून दारुण आहे. जीर्ण होऊन कोसळलेल्या विजेच्या खांबामुळे तो लागला, असे चौकशीत आढळले. दुसऱ्या दिवशी वारा उत्तरेचा झाला आणि त्याची लांबलचक कूस दक्षिणेकडे उलटली. 29 तारखेला हिम पडून त्याचा वेग मंदावला. तरी तो पूर्णपणे आटोक्यात यावयास मार्चचा मध्य उजाडला. एकूण सुमारे 10 लाख 58 हजार एकर, म्हणजे आपल्या संपूर्ण गोव्याहून मोठा प्रदेश जळाला. दोन स्त्रियांचा अंत झाला. गाई विण्याचा तो हंगाम. हजारो गुरे दगावली.

असे असूनही प्रेअरीला अग्नी शत्रू नाही. तेथील गवताचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात. वरचे वाळलेले आच्छादन जळाले की काळी जमीन उन्हाने लवकर तापते आणि अंकुर जोमाने फुटतात. कॉ, ओसेज आदी मूळ रहिवासी हे जाणून पूर्वापार कुरणे पेटवीत असत. कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स टेकड्यांवर आजही मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी मुद्दाम गवत जाळतात, आणि तेथील कोंझा प्रेअरी या संशोधनक्षेत्रात किती वर्षांनी जाळल्यास काय उगवते, याचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. जेथे जाळणे थांबले, तेथे पूर्वेकडील तांबडा देवदार माजला. त्याची तेलकट पाने पेटली की निखारे दूरवर उडतात.

पण जाळण्याचा दिवस निवडावा कसा? वारा अगदी पडलेला नको, कारण मग धूर साचतो व ज्वाला कोठे वळतील याचा नेम राहत नाही. आणि जोराचाही नको. आपल्या वनखात्याचे लोक उन्हाळ्याच्या तोंडाशी जाळरेषा काढतात, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. प्रेअरीवरील शेतकरी आधी कडेची पट्टी जाळून घेतो, पाण्याची टाकी ट्रकवर चढवितो, शेजाऱ्यांना बोलावितो आणि थंड आघाडी केव्हा पोहोचणार, हे हवामान कार्यालयाकडून पुन्हा एकदा विचारून घेतो. ती संध्याकाळच्या आत येणार असे कळले, तर काडी ओढली जात नाही.