रंगाखालचे लाकूड

घराच्या माळ्यावर किंवा मागच्या पडवीत बहुधा एखादी मोडकी खुर्ची पडलेली असते. तिचा एक पाय डुगडुगत असतो, पाठीची पट्टी निखळलेली असते आणि मूळचा रंग कोणता होता हे ओळखणेही कठीण झालेले असते. दिवाळीच्या झाडलोटीत ती एकदा बाहेर निघते. ‘भंगारवाल्याला देऊन टाका’ असे कोणीतरी म्हणते आणि पुष्कळदा तसे घडतेही. परंतु तीच खुर्ची जाणत्या हाती पडली, तर काही दिवसांत बैठकीच्या खोलीत मानाने उभी राहू शकते. मोडक्या टेबलाचे खण भिंतीवर बसविले की पुस्तकांसाठी सुबक कप्पे तयार होतात. कपाटाचे निकामी दार आखूड पायांवर आडवे बसविले की बसके मेज होते. वर ताजा रंग आणि एखादी वेलबुट्टी. पाहणाऱ्याला वाटते, ही सारी किमया रंगाची! वस्तुतः रंग हा या कामाचा अगदी शेवटचा भाग होय.

जुन्या लाकडाची एवढी मातबरी का, असा प्रश्न साहजिक पडेल. ताज्या लाकडात पाणी असते. ते सुकू लागले की लाकूड आकसते, वाकते, कधी तडकते. पन्नास वर्षांपूर्वीच्या खुर्चीचे लाकूड हे सारे भोगून स्थिर झालेले असते. पावसाळ्यात ते थोडे फुगते व उन्हाळ्यात थोडे आकसते, इतकेच. त्यात ते सागाचे असेल तर विचारावयासच नको. सागाच्या गाभ्यात स्वाभाविक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मात्र जुने ते सारेच चांगले, असे नव्हे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या एकदा पाण्याने फुगल्या की पुन्हा पूर्ववत होत नाहीत आणि त्यांत स्क्रूही नीट धरत नाही. अशा वस्तूवर श्रम न करणेच शहाणपणाचे. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली आणि खाली पिठासारखा बारीक भुसा रोज नव्याने पडू लागला, तर आत पोखरणारी कीड जिवंत आहे असे समजावे. तिचा बंदोबस्त झाल्यावाचून ती वस्तू घरातील इतर सामानाशेजारी ठेवू नये.

यानंतर पाळी येते सांध्यांची. जुने सुतार एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून ते सरसाने जोडीत. सरस हा जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला चिकट पदार्थ. ऊब आणि ओल मिळाली की तो मऊ होतो. म्हणून गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्याभोवती काही वेळ गुंडाळून ठेवले, म्हणजे सांधा हलक्या हाताने सुटा करता येतो. घाईने मोठे खिळे ठोकणारा मात्र लाकूडही फाडतो आणि पुढच्या दुरुस्तीची वाटही बंद करतो.

आता सर्वांत जपून करावयाचे काम. जुना रंग खरवडावयाचा. येथे मुलांनी थांबले पाहिजे. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. पांढऱ्या रंगातील सफेता, तांबडा शेंदूर आणि कित्येक झगझगीत पिवळे रंग ही शिशाचीच संयुगे होत. रंग शाबूत असतो तोवर धोका कमी असतो. तो घासू लागले की त्याची धूळ उडते. ती श्वासावाटे आणि हातांवाटे पोटात जाते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांचे शरीर शिसे अधिक शोषून घेते व त्याने वाढत्या मेंदूला कायमची इजा पोहोचते. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो नियम लागू झाला. तेव्हा त्याआधी रंगविलेल्या वस्तूचा रंग कोरडा घासू नये. जाणत्या मोठ्या माणसाने नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून, पृष्ठभाग ओला ठेवून, मुलांपासून दूर हे काम करावे आणि निघालेला चोथा केराबरोबर मोकळा न टाकता बांधून वेगळा ठेवावा.

उघड्या पडलेल्या लाकडावर मग काचकागद फिरवितात. आधी खरखरीत, मग बारीक. आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात फिरला तर पडलेले ओरखडे रंगातूनही डोकावतात. खाचखळग्यांत लांबी भरावयाची, ती वाळली की पुन्हा घासावयाचे, मग अस्तराचा हात द्यावयाचा. अस्तर लाकडाला धरून राहते व वरच्या रंगाला धरून ठेवते. ते टाळून थेट रंग दिला, तर काही दिवसांत पापुद्रे सुटतात. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगले.

रंग देण्यापूर्वी एकदा थबकून लाकडाकडे निरखून पाहावे. काळसर शिसवीच्या किंवा जुन्या सागाच्या सुरेख रेषा निळ्या-हिरव्या रंगाखाली गाडून टाकणे हे सुशोभन नव्हे. अशा लाकडाला चपड्याचे पॉलिश शोभते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, त्यापासून चपडा मिळतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने चढवितात.

साध्या, डागाळलेल्या लाकडावर मात्र नक्षी खुलते. तिचा उत्तम नमुना सावंतवाडीस पाहावा. तेथील चितारी पाट, चौरंग आणि गंजिफा रंगवीत आले आहेत. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. रंगकामापूर्वी कापडावर चिंचोक्याच्या खळीचा थर देऊन ते कडक व गुळगुळीत करीत. येथेही रंगाआधीची मेहनत आहेच! विसाव्या शतकात ही कला मावळू लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात आश्रय दिला.

तेलाच्या रंगाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

खुर्चीच्या बैठकीची खालची बाजू बिनरंगाची ठेवून तिला चपड्याचा पातळ हात दिला, तर लाकडात ओल शिरावयाची कमी होते आणि लाकूडही दिसत राहते. मूळ सुताराने कोणता पाय कोठे बसवावयाचा, यासाठी तेथे केलेल्या खुणा कधी कधी अजूनही वाचता येतात.