अंदाज बांधणारा माणूस कसा निवडावा?

कुरआन शरीफमधील हजरत युसूफ (अ.) यांचा किस्सा आपण सर्वांनी ऐकला आहे. सात वर्षे सुकाळ, पुढे सात वर्षे दुष्काळ; म्हणून सुकाळातच धान्य कणसासह साठवून ठेवावे, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे बादशहाकडे कोठारांचा कारभार मागताना त्यांनी आपले दोनच गुण सांगितले. आपण राखण करणारे आहोत आणि जाणकार आहोत. आज मोठ्या कंपन्या ज्याला 'डिमांड प्लॅनर' म्हणतात, त्या माणसाची निवड करतानाही हेच दोन गुण पाहावे लागतात.

डिमांड प्लॅनर म्हणजे पुढील काही महिन्यांत कोणता माल, किती व कोठे लागेल याचा आकड्यांत अंदाज देणारा माणूस. आपल्या कापडाच्या धंद्यात हे काम शेठ स्वतः किंवा जुने मुनीमजी करीत आले. सूत घ्यायचे, मागावर ग्रे कापड काढायचे, ते प्रोसेसला पाठवायचे, मग ठोक बाजार आणि शेवटी दुकान. मालेगावचे ग्रे कापड तर थेट राजस्थानात पाली-बालोत्र्यापर्यंत जाते. या सर्वांत सहज दोन-तीन महिने निघून जातात. म्हणून ईदला विकायचा माल कित्येक आठवडे अगोदर ठरवावा लागतो. अंदाज चुकला की माल गोदामात पडून राहतो, भांडवल अडकते आणि अखेर पडेल भावात काढावा लागतो.

आता उमेदवाराची परीक्षा कशी घ्यावी? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, त्याला बाजार समजतो की नुसता संगणक? चांद्र वर्ष 354 दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2024 साली रमजान ईद 11 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. म्हणजे 2024 च्या एप्रिलमध्ये पहिले दहा दिवस ईदची खरेदी होती, 2025 च्या एप्रिलमध्ये ती नव्हतीच. मी ज्यांना माल देतो त्या एका मोठ्या दुकानसाखळीने मागील एप्रिल पाहून या एप्रिलची ऑर्डर दिली. माल पोहोचला तो ईद झाल्यावर, आणि बराचसा आमच्याकडे परत आला. तेव्हा उमेदवारापुढे हे दोन महिने ठेवा आणि विक्री का घटली ते विचारा. जो 'मंदी आहे' म्हणेल त्याला सलाम करून निरोप द्या. जो आधी ईदची तारीख विचारील त्याला बसवून घ्या.

दुसरी गोष्ट, विक्री आणि मागणी यांतील फरक त्याला कळतो काय? समजा, एका डिझाइनचे 200 तागे विकले गेले. पण माल 15 दिवसांतच संपला आणि नंतर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले. वहीत 200 च दिसतात. खरी मागणी त्याहून जास्त होती. जाणकार माणूस विचारतो, 'माल कोणत्या तारखेला संपला?'

तिसरी गोष्ट, हिशोब. त्याला तीन वर्षांच्या विक्रीचे आकडे द्या, चौथे वर्ष झाकून ठेवा आणि अंदाज लिहून घ्या. मग मागील हंगामाचाच आकडा जसाच्या तसा धरला असता तर किती चूक झाली असती, ते पाहा. उमेदवाराची चूक त्याहून कमी नसेल तर पगार कशासाठी द्यायचा? चुकीची दिशाही तपासा. कधी जास्त, कधी कमी हे चालते. नेहमीच जास्त असेल तर तो अंदाज नाही, तमन्ना आहे.

इमानदारीचा प्रश्न येथेच येतो. विक्री करणाऱ्याला विक्री वाढविण्याचा उत्साह असतो, म्हणून तो आकडा फुगवितो. शेठला आवडेल ते सांगणारा भाचा किंवा पुतण्याही तेच करतो. शेठजींच्या तोंडावर 'एवढा माल खपणार नाही' म्हणण्याची हिंमत असलेला माणूसच कोठाराचा राखणदार होऊ शकतो. पण ती हिंमत टिकवायची तर आपणही एका चुकीवरून त्याला काढता कामा नये. प्रत्येक अंदाज तारखेसह लिहून ठेवावा आणि वर्षअखेरीस हिशोब करावा.

आपल्या मोहल्ल्यांत बी. कॉम. आणि संख्याशास्त्र शिकलेली मुले-मुली आहेत. ती नोकरीसाठी वणवण फिरतात आणि आपण गोदामात पडलेल्या मालाकडे पाहत नशिबाला दोष देतो. या मुलांना एक हंगाम मुनीमजींच्या शेजारी बसवा. बाजार मुनीमजी शिकवतील, आकडे मुले सांभाळतील. इन्शाअल्लाह, दोघांच्याही रोजीत बरकत होईल.